वास्तुकार गाउदीने बांधलेला अस्तोर्गाचा बिशपवाडा आतून पाहावा का?

बाहेरून फोटो काढून पुढे निघावं की तिकीट काढावं, असा तुमचा प्रश्न आहे. तिकीट काढाच. स्पेनमधल्या लेओन प्रांतातली ही वास्तू बाहेरून करड्या ग्रॅनाइटचा किल्ला वाटते, पण आत शिरलात की उजेडच उजेड! कमानींच्या कडांना झिलई दिलेल्या मातीच्या विटा, उंच रंगीत काचा. पहिल्या मजल्यावरच्या प्रार्थनाघरात थोडा वेळ नुसतं बसा.

जुना वाडा १८८६ मध्ये जळाला, तेव्हा बिशप ग्राउ यांनी आपल्याच रेउस गावच्या गाउदीला बोलावलं. १८९३ मध्ये ग्राउ वारले आणि गाउदीने काम सोडलं. पुढे ते दुसऱ्याने पुरं केलं. कुठलेच बिशप मात्र इथे कधी राहायला आले नाहीत.

आता इथे संत याकोबाच्या सांतियागो या तीर्थाला जाणाऱ्या यात्रामार्गाचं संग्रहालय आहे: मेरीच्या लाकडी मूर्ती, चांदीचे मिरवणुकीचे क्रूस, यात्रेकरूच्या वेषातला संत याकोब. आपल्याकडे वारी पाहिलेल्याला हा संत लगेच जवळचा वाटेल. तळघरातले रोमन शिलालेख चुकवू नका. बागेतले तीन देवदूत मुळात छपरासाठी होते, तेही पाहा. कॅथेड्रल शेजारीच आहे. दीड-दोन तास हाताशी ठेवा.