स्टीअरिंगला हात घालण्याआधी

गाडी एका बाजूला ओढते म्हणून लगेच टाय रॉड (स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवू नकोस. आधी टायर थंड असताना हवा तपास. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

मग पुढचं चाक उचल आणि खाली स्टँड लावच, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक डावी-उजवीकडे धरून हलव. खडखडलं तर बहुधा टाय रॉड एंड (त्या दांड्याच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) गेलाय. वर-खाली धरल्यावर खडखडलं तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. कुणाला तरी चाक हलवायला सांगून सांध्यावर बोट ठेव, ढिलाई लगेच जाणवते.

नवशिके इथे चुकतात:
- एंड काढताना फेरे मोजत नाहीत. मोज, नवा तेवढाच फिरव, तरीही अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घे.
- जुनीच कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालून वाकवायची पिन) परत घालतात.

रॅकचा, म्हणजे स्टीअरिंगच्या दातेरी दांड्याचा, ढिलाई काढायचा स्क्रू सध्या नकोच. जास्त आवळला तर वळणानंतर स्टीअरिंग सरळ येत नाही.