क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे, मग हिमोग्लोबिन कमी का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, वजन ४४ किलो. रक्तदाबाची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी त्या जवळजवळ रोज घेतात. जूनमध्ये अशक्तपणा फार वाढला म्हणून रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८६, युरिया ५४ आणि क्रिएटिनिन १.२ आले. रिपोर्टवर क्रिएटिनिनची मर्यादा ०.६ ते १.३ छापलेली असल्यामुळे किडनी ठीक आहे आणि हिमोग्लोबिन वयामुळे कमी आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. दोन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, तरी हिमोग्लोबिन ९.७ वरच अडले आहे. आता काय करावे?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : हिमोग्लोबिन वयामुळे कमी आहे, हे उत्तर कृपया स्वीकारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय, आणि सत्तरी उलटलेल्या स्त्रियांसाठी या निकषात वेगळी सवलत दिलेली नाही. वय वाढते तसे रक्तक्षय होण्याची कारणे वाढतात हे खरे. परंतु कारण शोधायचे असते, आणि ते बहुतेक वेळा सापडते.

आता क्रिएटिनिनकडे वळू. हा पदार्थ स्नायूंमध्ये रोज तयार होतो आणि मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे रक्तातील त्याचे प्रमाण गाळण्याच्या क्षमतेवर जितके अवलंबून असते तितकेच शरीरात स्नायू किती आहेत यावरही असते. चव्वेचाळीस किलो वजनाच्या वृद्ध स्त्रीच्या अंगी स्नायू मुळातच थोडे असतात. तिच्या शरीरात क्रिएटिनिन कमीच तयार होते आणि म्हणून मूत्रपिंडांचे काम बरेच मंदावले तरी आकडा छापील मर्यादेच्या आत राहू शकतो. यासाठीच वय आणि लिंग लक्षात घेऊन ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांचा अंदाजे गाळण्याचा वेग, काढतात. सध्या प्रचलित असलेल्या २०२१ च्या सूत्राने १.२ क्रिएटिनिन असलेल्या तीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ८३ येतो, तर तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या आपल्या सासूबाईंचा सुमारे ४८. एकाच आकड्याचे हे दोन अर्थ आहेत, आणि रिपोर्टवरची मर्यादा हा फरक दाखवत नाही. प्रयोगशाळेने ईजीएफआर छापला नसेल तर तो अवश्य मागून घ्यावा.

तरीही या एकाच रिपोर्टवरून ‘किडनी खराब झाली’ असा निष्कर्ष काढू नये. जुना विकार ठरवण्यासाठी ईजीएफआर ६० च्या खाली असणे किंवा मूत्रपिंडाला इजा झाल्याचे दुसरे चिन्ह असणे, ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकावी लागते. शिवाय आपण तपासणी जूनमध्ये केली. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि वृद्धांना तहानेची जाणीव कमी होत असल्याने शरीर कोरडे पडते. तेव्हा युरिया व क्रिएटिनिन दोन्ही वाढतात, त्यातही युरिया अधिक. म्हणून पाणी व्यवस्थित पिणे चालू असताना तपासणी पुन्हा करावी आणि तिच्यासोबत लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर पाहावे. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल आणि पुन्हा तपासल्यावरही तसेच राहिले, तर क्रिएटिनिन काहीही असो, मूत्रपिंडाला इजा होत आहे असे समजतात. ही लघवीची तपासणी सोपी आहे, तरी ती फार वेळा करायची राहून जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते. साखर आणि पोटाची सोनोग्राफी डॉक्टर सांगतीलच.

सर्वांत अधिक काळजी मला त्या वेदनाशामक गोळीची वाटते. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या वर्गातील औषधे मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, आणि रक्तदाबाची काही औषधे किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सोबत असतील तर हा धोका वाढतो. हीच गोळी जठराच्या अस्तरालाही इजा करते. तेथून थोडे थोडे रक्त झिरपत राहिले तर हिमोग्लोबिन उतरते, आणि ते रक्त आतड्यात पचत असल्याने युरियाही चढतो. म्हणजे आपण पाठवलेल्या चारपैकी तीन आकड्यांवर एकाच गोळीचा परिणाम असू शकतो. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होतो का, हे सासूबाईंना मोकळेपणाने विचारा. आपल्या घरांतल्या मोठ्या बायका हे आपणहून सांगत नाहीत. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होतो, म्हणून केवळ रंगावर न थांबता शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी करावी आणि गरज पडल्यास एंडोस्कोपी टाळू नये. वेदनाशामक गोळी बंद करून गुडघ्यांसाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल, लावायचे मलम आणि व्यायाम यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नये.

मूत्रपिंड आणि रक्त यांचा थेट संबंधही आहे. एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक प्रौढ वयात प्रामुख्याने मूत्रपिंडांत तयार होते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्याचा आदेश देते. १९७७ मध्ये ते मानवी लघवीतून शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की हा आदेश क्षीण होतो. अशा रक्तक्षयात पेशींचा आकार साधारणपणे प्राकृत असतो, आणि आपला एमसीव्ही ८६ त्याच्याशी जुळतो. पण ईजीएफआर ४८ च्या आसपास असताना हिमोग्लोबिन ९.६ पर्यंत उतरावे, हे केवळ मूत्रपिंडांच्या माथी मारता येत नाही. तितका रक्तक्षय बहुधा ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर दिसतो. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेत मोठ्या. दोन्ही कमतरता एकत्र असतील तर सरासरी ८६ येऊन सारे ठीक असल्याचा भास होतो. म्हणून रक्ताचा स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची पाहणी), फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातील लोहवाहक प्रथिन लोहाने किती टक्के भरले आहे) आणि बी-१२ या तपासण्या हव्यात. शाकाहारी घरांत, तसेच मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू असल्यास, बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते.

लोहाच्या गोळ्यांचा गुण का आला नाही, याचे उत्तरही येथेच सापडेल. कमतरता लोहाची नसेलच, तर गोळ्या निरुपयोगी. ती असेल, पण शरीरात दाह असेल किंवा मूत्रपिंडे मंदावलेली असतील, तर हेप्सिडिन नावाचे द्रव्य वाढते आणि आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही. अशा वेळी शिरेतून लोह द्यावे लागते. फेरिटिनचा आकडाही दाहात फुगतो, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांत फेरिटिन १०० च्या खाली किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असल्यास लोह कमी आहे असे मानण्याची पद्धत आहे. गोळी चहाबरोबर घेतली जात असेल तर तेही एक साधे कारण आहे. एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन ही नंतरची पायरी होय. ते लोह पुरेसे झाल्यावर, साधारणतः हिमोग्लोबिन १० च्या खाली असताना विचारात घेतात आणि ११.५ च्या वर नेण्याचा आग्रह धरत नाहीत, कारण ते १३ पर्यंत चढवण्याच्या प्रयत्नात पक्षाघाताचा धोका वाढल्याचे दिसून आले आहे.

आणखी एक गोष्ट. कंबर किंवा बरगड्या सतत दुखत असतील, ईएसआर (शरीरातील दाह सुचवणारी रक्ततपासणी) फार वाढलेला असेल किंवा कॅल्शियम अधिक असेल, तर रक्तातील प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे निरनिराळी प्रथिने वेगळी करून पाहण्याची तपासणी, करून घ्यावे. मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग उतारवयात रक्तक्षय आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकदमच दाखवू शकतो.

केंद्र सरकारचा २०१८ पासूनचा ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रम लहान मुले, किशोरवयीन, प्रजननक्षम वयातील स्त्रिया, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी आखलेला आहे. आजी त्यात येत नाही. पाळी थांबली की बाईच्या रक्ताची चौकशीही थांबते, अशी स्थिती मी कितीतरी घरांत पाहिली आहे. आपण दोन्ही रिपोर्ट सांभाळून ठेवून विचारणा केलीत, हे फार चांगले केले. हाच कागद घेऊन या आठवड्यातच फिजिशियनकडे जा. दम लागणे, छातीत दुखणे, चक्कर किंवा काळा शौच यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्न : माझ्या आईचे (वय ६८) क्रिएटिनिन गेल्या वर्षी १.१ होते, यंदा ०.९ आहे. वजन मात्र सात किलोंनी उतरले आहे. मूत्रपिंड सुधारले असे समजावे का?
— एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : तसे लगेच समजू नये. वजनाबरोबर स्नायूही झिजले असतील तर क्रिएटिनिन तयार होणेच कमी होते, आणि मूत्रपिंडे पूर्वीइतकीच किंवा अधिक मंद असूनही आकडा उतरतो. शंका मिटवायची असेल तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी करावी; ते शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत तयार होत असल्याने स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. थायरॉइडचा विकार किंवा स्टेरॉइडची औषधे असल्यास मात्र त्याचा आकडाही बदलतो, तेव्हा ते डॉक्टरांना आधी सांगा. आईंच्या बाबतीत मूत्रपिंडांपेक्षा सात किलो वजन का गेले, हा प्रश्न मला अधिक तातडीचा वाटतो. साखर, थायरॉइड आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लगेच करून घ्या, आणि जेवण कमी झाले आहे का, गिळताना त्रास होतो का, शौचाच्या सवयी बदलल्या आहेत का, हे विचारून लिहून न्या.