पेढीवरचा माणूस आणि प्लेगची पिसू

प्रश्न : प्लेग पसरवणाऱ्या पिसूला लंडनच्या रॉथशिल्ड घराण्यातल्या एका बँकरने नाव दिलं, असं वाचलं. हे खरं का? पेढी सोडून तो पिसवांच्या मागे कसा लागला? आमचाही पिढीजात व्यवसाय आहे, म्हणून कुतूहल. – एक वाचक

उत्तर : खरं आहे. मात्र पेढी त्याने सोडली नाही, आणि म्हणूनच हा माणूस मला जवळचा वाटतो. चार्ल्स रॉथशिल्ड, जन्म १८७७. लंडनची पेढी त्याच्या पणजोबांनी उभी केलेली. थोरला भाऊ वॉल्टर प्राणिसंग्रहात इतका बुडाला, की १९०८ साली तो पेढीतून बाहेरच पडला. चार्ल्सचा जीवही किड्यांतच होता, पण तो कामावर जात राहिला. पिसवा उरलेल्या वेळात.

तो उरलेला वेळ म्हणजे काय, ते ऐका. सुमारे अडीच लाख पिसवा त्याने जमवल्या आणि जवळपास पाचशे नव्या जातींची वर्णनं लिहिली. मी प्राणिशास्त्र शिकवायचो तेव्हा मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली पिसू दाखवायचो. मांजराच्या पिसूला गालाखाली आणि मानेवर काट्यांचे कंगवे असतात; प्लेगच्या पिसूला दोन्ही नाहीत. एवढ्याशा खुणांवरून जाती वेगळ्या करायच्या! १९०३ साली चार्ल्सने या पिसूला ‘चिऑप्स’ या फॅरोवरून ‘चिऑपिस’ हे नाव दिलं. थोरला पिरॅमिड बांधवणारा तोच हा राजा.

हे नाव मिळालं त्या सुमारास मुंबई इलाख्यात प्लेगने माणसं मरत होती. गावात उंदीर पडला, की लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला जायचे, हे मी आजीकडून ऐकलंय. उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा पिसू आहे, असं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवलं होतं, पण फारसं कुणी मानलं नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने ते पक्कं सिद्ध केलं. मुंबईच्या उंदरांवर सापडली ती हीच पिसू. उंदीर मेला, की ती दुसरं रक्त शोधते. प्लेगचे जंतू तिच्या जठराचं तोंड बुजवतात. मग पोट भरत नाही, ती पुन्हापुन्हा चावते आणि अडकलेलं रक्त जंतूंसकट चावलेल्या जागी परत टाकते. नेमकी कुठली पिसू, हे ओळखता आलं नसतं तर यातलं किती कळलं असतं?

किडे वाचवायचे तर त्यांची जागा वाचवली पाहिजे, हेही त्याला लवकर उमगलं. १९१० साली वुडवॉल्टन फेन ही दलदल त्याने स्वतःच्या पैशाने विकत घेतली. १९१२ साली राखीव क्षेत्रांसाठी संस्था काढली. १९१५ साली संस्थेने जपण्याजोग्या २८४ जागांची यादी सरकारला दिली. युद्ध चालू होतं. यादी पडून राहिली. ब्रिटनमध्ये त्यासाठी कायदा झाला तो थेट १९४९ साली.

चार्ल्स ते पाहायला नव्हता. लांबलेल्या आजारपणानंतर १९२३ साली, सेहेचाळीसाव्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. हे लिहिताना आजही वाईट वाटतं. थोरली मुलगी मिरियम तेव्हा पंधरा वर्षांची होती. पुढे तीही पिसवांची मोठी अभ्यासक झाली. वडिलांच्या पिसवांच्या सचित्र सूचीचा पहिला खंड एका सहकाऱ्याबरोबर तिने १९५३ साली बाहेर काढला. पुढचे खंड करण्यात तिची कित्येक वर्षं गेली.