कायद्याचे प्रश्न : ‘हयातीपर्यंत’ हा शेरा आज चालतो का?

प्रश्न : आजोबा १९४८ साली वारले. ते भावांपासून विभक्त होते. मुलगा नव्हता, दोन मुली, म्हणजे माझी आई आणि मावशी. निफाड तालुक्यातली जमीन आजीच्या नावावर झाली, पण फेरफारात (हक्कबदलाच्या महसुली नोंदीत) ‘हयातीपर्यंत’ असा शेरा आहे. आजी १९७९ मध्ये मृत्युपत्र न करता गेली. आता चुलत मामा म्हणतात, जमीन आमच्या घराण्यात परत आली. हे खरे आहे का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नाही. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि तो शेरा निष्प्रभ झाला. कलम १४(१) प्रमाणे विधवेच्या ताब्यातली मर्यादित मालकीची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. आजी तेव्हा हयात होत्या आणि जमीन त्यांच्याकडे होती, एवढे पुरे.

हा शेरा शास्त्रातून आला असे सांगतात, तेही पुरते खरे नाही. मिताक्षरा या धर्मशास्त्रावरच्या जुन्या टीकाग्रंथात विज्ञानेश्वरांनी वारशाने आलेली मिळकतही स्त्रीधनात, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालमत्तेत, धरली होती. ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने विधवेबाबत ते मानले नाही. त्यामुळे मुंबई इलाख्यात बापाची वारस झालेली लेक पूर्ण मालक, आणि तीच जमीन जन्मभर कसणारी विधवा सून मात्र हयातीपुरती. नवऱ्याचे कर्ज, मुलीचे लग्न, श्राद्ध अशी कायदेशीर गरज दाखवल्याशिवाय तिला विकताही येत नसे. हा उघड अन्याय होता, आणि त्याच शेऱ्याचा धाक आजही लेकींना घातला जातो, याची चीड येते.

आजींच्या वारस आई आणि मावशी, निम्म्या-निम्म्या. नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते, पण कलम १५(२) प्रमाणे विधवेला मूल किंवा मृत मुलांची मुले नसतील तरच. जुन्या कायद्यातही विधवेमागून मुलगी येई. चुलत मामांचा, म्हणजे आजोबांच्या पुतण्यांचा, क्रम फार नंतरचा.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची नक्कल काढा आणि जमीन वारसाने आली की दस्ताने, ते वाचा. मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल, तर कलम १४(२) आडवे येते, म्हणजे तो हक्क मर्यादितच राहतो. पोटगीच्या हक्कापोटी दिलेली जमीन मात्र १४(१) मध्येच बसते. सर्वोच्च न्यायालयाने तुळसम्मा प्रकरणात १९७७ साली तसे ठरवले. १९५६ पूर्वीच विक्री होऊन ताबा गेला असेल, तर कलम १४ चा उपयोग नाही.

मग मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. मामांनी हरकत घेतली तर नोंद विवादग्रस्त नोंदवहीत जाईल. घाबरू नका, फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालय ठरवते. मात्र ‘नोंदीला लागते’ म्हणून कोणी हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) पुढे केले, तर आई-मावशीची सही होऊ देऊ नका. वारस नोंदीला ते लागत नाही.