जे मागे राहणार आहेत, त्यांना आधी विचार

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मनातून जात नाहीये. तुमच्या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेची तिथली जी स्थानिक पार्टनर संस्था, तिचे संचालक ईमेलला उत्तर देत नाहीत, मीटिंगला कुणातरी नवख्याला पाठवतात, आणि इकडे तुझ्या वरिष्ठांना तिमाही रिपोर्टमध्ये स्थानिक सहभाग दाखवायचा आहे. संबंध सुधारायला एखादी कार्यशाळा घेऊ का, असं विचारतेस. नको घेऊस. मदतकार्याच्या आराखड्यावर दोन दिवसांत अभिप्राय द्या असं त्यांना कळवलं होतंस, आणि तोवर अंदाजपत्रक देणगीदाराकडे पोचलं होतं, हे तूच लिहिलं आहेस. मग ते बोलणार कशावर? ठरून गेलेल्या गोष्टीवर मत मागितलं की शहाणा माणूस गप्प बसतो. ते रुसलेले नाहीत. त्यांनी तुमच्या पत्राचा बरोबर अर्थ लावला आहे.

जे मागे राहणार आहेत, त्यांना आधी विचार. ‘आधी’ म्हणजे प्रपोजलची पहिली ओळ लिहिण्याआधी, गावं निवडण्याआधी, पैशांची वाटणी होण्याआधी. तुमचं पथक सहा महिन्यांनी दुसऱ्या देशात असेल. रखडलेल्या घरांबद्दल लोक ज्यांना गाठून जाब विचारतील, ते त्या संस्थेचे कार्यकर्ते आणि जिल्ह्याचे अधिकारी असतील. जाब त्यांनी द्यायचा असेल, तर निर्णयातही ते हवेत. यापेक्षा गुंतागुंतीचं तत्त्वज्ञान माझ्याकडे नाही.

हे काही माझं खूळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1991 च्या डिसेंबरमध्ये मंजूर केलेला 46/182 क्रमांकाचा ठराव काढून वाच. आजची सगळी समन्वयाची यंत्रणा त्यावर उभी आहे. आपल्या भूमीवरची मदत सुरू करणं, तिची जुळवाजुळव, तिचा समन्वय आणि अंमल यांत प्राथमिक भूमिका आपत्तीग्रस्त देशाचीच, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. 2007 मध्ये जिनिव्हात भागीदारीची तत्त्वं मान्य झाली, त्यांत समता पहिली आहे. म्हणजे तुला नवं काही मागायचं नाही. तुमच्याच संस्थांनी मान्य केलेलं अमलात आणायला सांगायचं आहे, आणि तेवढ्यासाठीही भांडावं लागतं.

हैतीचं उदाहरण मी सगळ्यांना देते, तुलाही देते. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये क्लस्टरच्या, म्हणजे एकेका क्षेत्रातल्या मदत संस्थांच्या समन्वय गटांच्या, बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर भरत. फाटकावर पास लागे. बैठका बहुतेक इंग्रजीत चालत, देश क्रेओल आणि फ्रेंच बोलणारा. ज्यांनी पहिल्या रात्री हातांनी ढिगारे उपसले, त्यांना त्या खोलीपर्यंत पोचणंच अवघड होतं. खोलीतली माणसं वाईट नव्हती, रात्रंदिवस राबत होती. पण कुठे बसायचं, कोणत्या भाषेत बोलायचं आणि आत कुणाला सोडायचं, हे ठरवताना तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढचं बरंच काही त्यातूनच बिघडलं.

आता पैशांबद्दल. तुझ्या पत्रात यावर एक ओळसुद्धा नाही, आणि खरं दुखणं इथेच आहे. 2016 मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा करार झाला. 2020 पर्यंत मानवतावादी निधीपैकी किमान 25 टक्के स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांपर्यंत शक्य तितक्या थेट पोचवायचे, असं मोठमोठ्या देणगीदारांनी आणि एजन्सींनी मान्य केलं. ती मुदत टळून गेली. थेट पोचणारा वाटा आजही पाच टक्क्यांच्या आतच घुटमळतो आहे. बाकीचा पैसा एकाकडून दुसऱ्याकडे उतरत येतो आणि प्रत्येक पायरीवर व्यवस्थापनाचा खर्च कापला जातो. संयुक्त राष्ट्रांची एजन्सी आंतरराष्ट्रीय संस्थेला साधारण सात टक्के ओव्हरहेड, म्हणजे संस्था चालवण्याचा वरखर्च, देते. तोच करार खाली राष्ट्रीय संस्थेकडे गेला की तिथे अनेकदा शून्य असतं. कार्यालयाचं भाडं, लेखापाल, ऑडिट, दोन प्रकल्पांच्या मधल्या काळातले पगार हे सगळं त्यांनी कशातून भागवायचं? मग आपणच म्हणायचं, यांची हिशेबाची बाजू कच्ची आहे. स्थानिक भागीदारांनाही ओव्हरहेड द्यावा, असं एजन्सींच्या आंतर-संस्था स्थायी समितीचं 2022 पासूनचं मार्गदर्शन आहे. ते छापून पुढच्या बैठकीला घेऊन जा. अंदाजपत्रकाचं ते पान पार्टनरसमोर उघडं ठेव. तुमचा वाटा किती, त्यांचा किती, दोघांनाही दिसू दे.

यावरून माझंही एकदा जोरदार वाजलं होतं. पुरानंतरच्या एका कामात राष्ट्रीय संस्थेच्या करारात ओव्हरहेडचा रकाना रिकामा होता. त्यावर शिफारशीची सही करायला मी नकार दिला. वरच्यांनी समजावलं, मग दटावलं, आणि शेवटी ते काम दुसऱ्या एका संस्थेला शून्य ओव्हरहेडवर देऊन टाकलं. पहिल्या संस्थेला त्या वर्षी जिल्ह्यातलं कार्यालय बंद करावं लागलं. तिथल्या एका पर्यवेक्षिकेने मला विचारलं, तुमच्या तत्त्वाने आम्हाला काय दिलं? त्या प्रश्नाने मला पुष्कळ रात्री जागवलं आहे. आजही वाईट वाटतं, आणि आजही सांगते, सही न करणं बरोबरच होतं. सही केली असती तर ती संस्था पुढच्या वर्षी कर्जात बुडून बंद पडली असती आणि दोष तिच्याच माथी बसला असता. मी अडेल आहे असं तेव्हा बोललं गेलं. असेन. रिकाम्या रकान्यावर सह्या करणारे बरेच असतात, एकाने तरी अडायला हवं होतं. असो. हे तुझ्याबद्दलचं पत्र आहे.

माणसं पळवण्याबद्दल थोडक्यात. फिलिपिन्समध्ये 2013 च्या हैयान वादळानंतर मोठ्या एजन्सींनी स्थानिक संस्थांची अनुभवी माणसं जास्त पगारावर घेतली आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्या संस्था रिकाम्या पडल्या. तुमच्या नव्या जाहिरातीला पार्टनरकडून किती अर्ज आले ते बघ. आले असतील तर नेमणुकीआधी संचालकांशी बोल.

जोखमीचंही तसंच. मदतकार्यात मारल्या जाणाऱ्यांत प्रचंड बहुसंख्य त्याच देशाची माणसं असतात. तरी चिलखती गाडी, विमा, गरज पडली तर बाहेर काढण्याची सोय आंतरराष्ट्रीय कर्मचाऱ्यांना, आणि शेवटच्या गावापर्यंत मोटारसायकलवर जाणाऱ्याला करारातली एक ओळ: सुरक्षेची जबाबदारी पार्टनरची. ही ओळ तुमच्या करारात आहे का, शोध. असेल तर तिच्यासोबत पैसे आहेत का, तेही बघ.

तुझा आक्षेप मला ठाऊक आहे. सरकारच लढाईत एक बाजू असेल तर? मग मदत कुणाला, हे त्याच्या इच्छेवर सोडायचं नाही. लाभार्थ्यांची नावं कुणाच्याही हाती सहज द्यायची नाहीत. निष्पक्षता सोडायची नाही. पण मागे राहणारे म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. दवाखान्यातली परिचारिका आहे, रेड क्रॉस किंवा रेड क्रिसेंटचे स्थानिक स्वयंसेवक आहेत, विस्थापितांनी स्वतः उभ्या केलेल्या समित्या आहेत. अशा ठिकाणी विचारायची माणसं जास्त काळजीने निवडावी लागतात. विचारणं टाळता येत नाही. आणि सरकारवर विश्वास नाही, हे कारण जिथे लढाई नाही तिथेही किती सहज पुढे केलं जातं, ते तू पाहशीलच. तिथे मात्र गप्प बसू नकोस.

क्षमता नाही, असंही ऐकशील. 2020 च्या एप्रिलमध्ये हॅरॉल्ड वादळ वनुआटूवर आदळलं तेव्हा कोविडमुळे देशाच्या सीमा बंद होत्या. बाहेरची पथकं येऊच शकत नव्हती. मदतीचं काम तिथल्या सरकारने, तिथल्या संस्थांनी आणि गावांनी चालवलं. 2018 मध्ये सुलावेसीच्या भूकंप आणि त्सुनामीनंतर इंडोनेशियाने परदेशी संस्थांना स्थानिक भागीदारांमार्फतच काम करायला लावलं. दोन्हीकडे अडचणी आल्या, त्या लपवण्यासारख्या नाहीत. पण सूत्रं तिथल्यांच्या हाती होती म्हणून काम थांबलं नाही.

नोकरी सोडू का, हा प्रश्न तू पत्राच्या शेवटी घाईत लिहिला आहेस. आत्ता सोडू नकोस. प्रपोजल अजून मंजूर व्हायचं आहे, म्हणजे बदल करता येतात. उद्या संचालकांना फोन कर, ईमेल नको. आराखडा मागे घेतला आहे असं सांग, आणि त्यासाठी आज संध्याकाळपर्यंत वरिष्ठांची परवानगी मिळव. मग त्यांच्या कार्यालयात जा, कोरी वही घेऊन, आणि पहिल्या बैठकीत तुमच्याकडची एकही फाइल उघडू नकोस. कुठली गावं, कुठलं काम आधी, कुणाला किती पैसे, हे त्यांना बोलू दे. वरिष्ठांनी परवानगी नाकारली तर त्यांचा नकार लेखी माग आणि मला कळव. अंदाजपत्रकाचं पानही पाठव, मी एकेक आकडा तपासून देते.

तुझी,
मावशी