सगळ्या पथ्यांना एकच नियम लावू नका

ग्लूटेन (गव्हासारख्या धान्यांतील प्रथिन), दूध, कांदा, लसूण, कडधान्ये असे अनेक पदार्थ एकाच वेळी न सोसणाऱ्या माणसांकडून समुपदेशनात एक प्रश्न फार वेळा विचारला जातो: "मी खाऊ शकते अशा पदार्थांची यादी दर महिन्याला लहान होत चालली आहे, तरीही त्रास थांबत नाही, आणि घरचे म्हणतात की हे सगळे मनाचे आहे, खरेच तसे असेल का?" या प्रश्नाला नुसते होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. ते का देता येत नाही हे स्पष्ट व्हावे म्हणून एका स्त्रीचा अनुभव, तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, येथे मांडत आहे.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे वय तिशीच्या मध्यावर होते आणि सिलिअ‍ॅक आजाराचे निदान होऊन दीड-दोन वर्षे उलटली होती. निदानापूर्वीची बरीच वर्षे थकवा, पोट फुगणे आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन यांत गेली होती. शेवटी रक्ततपासणीत या आजाराची खूण समजल्या जाणाऱ्या टीटीजी अँटिबॉडी वाढलेल्या आढळल्या, एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे नमुने तपासण्यात आले आणि निदान पक्के झाले. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लूटेन पोटात गेले की या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे तेथील बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. जगभरात साधारण शंभरातल्या एका व्यक्तीला हा आजार असतो, आणि आयुष्यभर ग्लूटेन पूर्ण वर्ज्य करणे हाच आजघडीला त्यावरचा प्रस्थापित उपचार आहे. त्यांनी तो मनापासून स्वीकारला, पहिले काही महिने प्रकृतीला छान उतार पडला, आणि मग पोटफुगी पुन्हा सुरू झाली.

येथून पुढे त्यांचा विचार ज्या दिशेने गेला ती दिशा अगदी स्वाभाविक होती. ग्लूटेन बंद करूनही त्रास होतो, म्हणजे दुसरा कोणता तरी पदार्थ दोषी असला पाहिजे, असे मानून त्यांनी आधी दूध सोडले, नंतर कांदा-लसूण, मग कडधान्ये, मग सफरचंद. प्रत्येक वेळी काही दिवस बरे वाटे आणि पुन्हा त्रास होई. कोणीतरी सुचवले म्हणून त्यांनी रक्तातील आयजीजी ही एक प्रकारची अँटिबॉडी मोजणारी अन्नचाचणी करून घेतली आणि तिच्या अहवालात अनेक पदार्थांपुढे लाल खूण आली. ज्या पदार्थांनी कधीच काही झाले नव्हते तेही त्या दिवसापासून ताटातून गेले.

पहिल्या भेटीत त्यांनी एक वही माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक पानावर आखून चार रकाने केले होते: वेळ, पदार्थ, त्रास आणि शेवटचा रकाना 'शंका'. सुरुवातीच्या पानांवर हा रकाना बहुतांश रिकामा होता. पुढे पुढे तो भरत गेला, आणि अखेरच्या पानांवर तर त्रासाच्या रकान्यात काही नसतानाही शंकेच्या रकान्यात उकडलेला भात लिहिलेला होता. ती वही वाचताना मला त्यांच्या आजाराइतकीच त्यांच्या एकटेपणाचीही कल्पना आली. जेवण हा त्यांच्यासाठी दिवसातून तीनदा द्यावा लागणारा निवाडा झाला होता आणि तो निवाडा त्या एकट्याच देत होत्या.

घरात त्यांच्या बाजूने कोणीच नव्हते असे नाही. पती काळजी घेणारे होते, सासूबाईही मनाने वाईट नव्हत्या. परंतु सासूबाईंनी एके दिवशी सुनेला दोन घोट दूध घेताना पाहिले होते आणि दुसऱ्या दिवशी तेच दूध नाकारताना पाहिले होते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता: "परवा चाललं, आज चालत नाही म्हणते. मग गव्हाचंही तसंच असणार. एखादा घास खाल्ला तर काय होतंय?"

मला या प्रकरणातले खरे दुखणे या वाक्यात दिसले. सून गव्हाचा नियम दुधाला आणि कांद्याला लावत होती, म्हणजे प्रत्येक पदार्थ कणभरही नको. आणि सासूबाई दुधाचा नियम गव्हाला लावत होत्या, म्हणजे थोडे चालते. दोघींनाही कोणी सांगितले नव्हते की हे दोन वेगळ्या जातींचे त्रास आहेत. सिलिअ‍ॅकमध्ये मात्रेला जवळजवळ जागाच नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात, सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना रोज केवळ 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अस्तराची झीज दिसून आली होती. पावाच्या एका कापात दोन ग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लूटेन असते हे लक्षात घेतले, तर ही मात्रा त्या कापाच्या चाळिसाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी ठरते. लॅक्टोजचे तसे नाही. दुधातील ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर कमी पडले, तर न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, वायू होतो, जुलाब होतात. त्रास खरा असतो, पण आतड्याला इजा होत नाही, आणि लॅक्टोज न सोसणाऱ्या बहुतेक प्रौढांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण कपभर दुधातील लॅक्टोज, विशेषतः जेवणाबरोबर, सोसते. कांदा, लसूण आणि गहू यांतील फ्रुक्टन या कर्बोदकांचेही असेच, मात्रेवर अवलंबून असलेले गणित आहे. दोन घोट आज सोसणे आणि उद्या इतर गोष्टींची भर पडल्यामुळे न सोसणे यात लहरीपणा नाही.

आयजीजी चाचणीबद्दल मी स्पष्टच बोलते, कारण या कागदामुळे उपाशी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीजी सापडणे म्हणजे तो पदार्थ आपण खाल्लेला आहे, एवढेच बहुधा त्यातून कळते. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 सालीच ही चाचणी अन्न न सोसण्याच्या निदानासाठी वापरू नये असे म्हटले आहे. या स्त्रीचा चाचणीचा अहवाल आम्ही फाडला वगैरे नाही. तो त्यांच्या पोटविकारतज्ज्ञांना दाखवला आणि त्यांनी तो बाजूला ठेवण्यास सांगितले. माझ्या सांगण्यापेक्षा त्या सांगण्याला वजन होते, आणि तसेच असायला हवे.

खरे तर समुपदेशकाने अशा वेळी घाईने मनाच्या कारणांकडे वळू नये, असे माझे ठाम मत आहे. शरीराची बाजू नीट तपासून झाल्याशिवाय कोणालाही 'ताण घेऊ नका' असे सांगणे अन्यायाचे आहे. म्हणून मी त्यांना प्रथम पुन्हा तपासणीसाठी पाठवले. टीटीजीची पातळी खाली आली होती, पण इतक्या काळानंतर जेवढी यायला हवी होती तेवढी आली नव्हती, म्हणजे कोठून तरी ग्लूटेन पोटात जात होते. आहारतज्ज्ञांनी त्यांच्याकडून स्वयंपाकघरातील एकेक वस्तू वदवून घेतली आणि उलगडा पिठाच्या चाळणीपाशी झाला. घरात गव्हाचे पीठ आणि त्यांचे तांदळाचे पीठ एकाच चाळणीतून चाळले जात होते. चाळणी रोज धुतली जात होती, परंतु जाळीच्या कडेला, जेथे ती पट्टीत दाबून बसवलेली असते, तेथे पीठ अडकून घट्ट बसते आणि धुऊन निघत नाही. ज्या पिठावर त्या सर्वांत निर्धास्त होत्या, तेच त्यांना बाधत होते. नवी चाळणी, वेगळे लाटणे, वेगळा लाकडी पाट आणि ढवळायला वेगळे चमचे एवढे बदल झाले. बाजारातील पदार्थांपुरते 'ग्लूटेनमुक्त' या शब्दाला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसावे असा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे, हेही त्यांना नीट समजावून देण्यात आले, कारण तोपर्यंत त्या वेष्टनावरील त्या शब्दावरही विश्वास ठेवत नव्हत्या.

त्यानंतर सोडलेले पदार्थ एकेक करून परत आणण्याचे काम सुरू झाले. ते आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले आणि माझा वाटा त्या काळातील भीती हाताळण्याचा होता. कांद्याची पहिली चाचणी मला चांगली आठवते. शिजवलेला कांदा, एक छोटा चमचा, दुपारच्या जेवणात. जेवणापूर्वीच त्यांचे पोट आवळून आले, हात गार पडले. म्हणजे कांदा पोटात जाण्याआधीच लक्षणे हजर होती. आम्ही ती नाकारली नाहीत. वहीत 'शंका' हा रकाना खोडून तेथे 'खाण्यापूर्वी' असा रकाना केला आणि खाण्याआधी शरीरात काय चालले आहे ते आधी लिहायचे, मगच घास घ्यायचा असे ठरवले. संथ श्वसन, पोटाचे स्नायू सैल सोडण्याचा सराव आणि त्रास झालाच तर तो किती वेळ टिकेल याचा आधीच केलेला अंदाज, एवढीच साधने होती. दोन-तीन चमच्यांपर्यंत कांदा चालतो, त्यापुढे पोट फुगते, असे हळूहळू निश्चित झाले. लसूण तेवढाही चालला नाही. पण फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात नाही, त्यामुळे तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या की स्वाद राहतो आणि त्रास टळतो, ही युक्ती त्यांना आहारतज्ज्ञांनी दिली. दुधाचा त्रास बराचसा आतड्याच्या झिजेमुळेच होता, कारण लॅक्टेज त्या उंचवट्यांच्या टोकांवरच तयार होते. अस्तर भरून येऊ लागले तसे दूधही सोसू लागले. सफरचंद आणि भात यांनी कधीच काही केले नव्हते.

मग घरच्यांचे म्हणणे बरोबर होते का, मनाचेच होते का? नेदरलँड्स आणि इंग्लंडमधील संशोधकांनी सिलिअ‍ॅक नसलेल्या, पण ग्लूटेन सोसत नाही असे सांगणाऱ्या 83 जणांवर केलेला एक अभ्यास येथे विचारात घेण्यासारखा आहे. पावात ग्लूटेन आहे असे सांगून खरोखर ग्लूटेन असलेला पाव ज्यांना दिला, त्यांना सर्वाधिक त्रास झाला. ग्लूटेन नाही असे सांगून तसाच पाव दिलेल्यांना बराच कमी झाला. अपेक्षा आणि पदार्थ एकत्र आले की त्रास वाढतो, असा त्याचा अर्थ मी घेते. मेंदू आणि आतडे यांच्यात मज्जातंतूंचे दळणवळण सतत दोन्ही बाजूंनी चालू असते. भीतीने आतड्याची हालचाल बदलते आणि संवेदना तीव्र होते. जे पोटात दुखते ते पोटातच दुखते. त्याला मनाची फोडणी मिळाली म्हणून ते खोटे ठरत नाही, आणि मनावर काम केल्याने कमी झाले म्हणूनही खोटे ठरत नाही.

सासूबाईंना मी एकदा बोलावून घेतले. त्या थोड्या अवघडून बसल्या होत्या. आपल्याला दोष देण्यासाठी बोलावले आहे असे त्यांना वाटत असावे. मी त्यांना दुधाचा आणि गव्हाचा फरक सांगितला आणि विचारले की घरातले पथ्य सांभाळण्यात सर्वांत जास्त हात कोणाचा लागतो. "माझाच," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "मग मला हे आधी कोणी सांगितलं का नाही?" त्यांचा प्रश्न रास्त होता. निदान झाल्यावर कागद रुग्णाच्या हाती पडतो; स्वयंपाक करणारी माणसे त्या खोलीत नसतात. त्यानंतर चाळणी आणि चमचे सांभाळण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

बाहेर जेवताना काय बोलायचे याचाही आम्ही सराव केला. लांबलचक स्पष्टीकरण दिले की समोरचा वाद घालतो. "मला सिलिअ‍ॅक आजार आहे, गहू कणभरही चालत नाही, बाकीचे मी माझ्या बेताने घेईन," एवढे एक वाक्य त्यांनी निवडले. 'बाकीचे माझ्या बेताने' हे शब्द त्यांचे स्वतःचे होते आणि मला ते फार महत्त्वाचे वाटले. आजही त्या कोणाकडे निघताना डबा बरोबर नेतात, प्रवासाचा त्यांना धसका वाटतो, आणि कधी कधी इतरांच्या ताटांकडे पाहून डोळे भरून येतात. हे दुःख समुपदेशनाने नाहीसे होत नाही. त्याला बोलायला जागा मिळते. मात्र खाण्याच्या भीतीने वजन सतत घटत असेल, किंवा पदार्थ कमी होता होता पोषणच होत नसेल, तर तो स्वतंत्र उपचाराचा विषय आहे आणि त्यासाठी थांबू नये.

ज्यांचे अजून निदान झालेले नाही त्यांना एक विनंती आहे. त्रास होतो म्हणून तपासणीपूर्वीच गहू बंद करू नका, कारण ग्लूटेन आहारात नसेल तर अँटिबॉडी उतरतात, अस्तर भरून येते आणि सिलिअ‍ॅक असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो आणि तो काळ फार जड जातो. आधीच बंद केला असेल तर तसे डॉक्टरांना सांगा. आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला सिलिअ‍ॅक असेल, तर लक्षणे नसली तरी तपासणी करून घ्या. आणि तपासणीत सिलिअ‍ॅक व गव्हाची अ‍ॅलर्जी दोन्ही नाहीत असे निघाले, तर दोष ग्लूटेनचाच असेल असे धरून चालू नका. ऑस्लो येथील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या 59 जणांना कशात काय आहे ते न सांगता आळीपाळीने ग्लूटेन, फ्रुक्टन आणि दोन्ही नसलेला पदार्थ दिला गेला, तेव्हा अधिक त्रास फ्रुक्टनने झाला होता. तसे असेल, तर तुमचा नियम कणभरही नको हा नसून किती चालते हा आहे, आणि ते किती, हे आहारतज्ज्ञांच्या मदतीने काही आठवड्यांत शोधून काढता येते.