‘पुस्तकानं आमचा मुलगा नेला’

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या आईवडिलांच्या तोंडून ऐकलंय, की पुस्तकाचं नावही आता आधीच ओळखता येतं. आयन रँडची ‘द फाउंटनहेड’ किंवा ‘ॲटलस श्रग्ड’. क्वचित रॉबर्ट हाइनलाइनची १९६६ सालची कादंबरी, ज्यात चंद्रावरची वसाहत पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध बंड करते. मूल अठरा ते बावीस वर्षांचं असतं. महिन्याभरात ते स्वतःला लिबर्टेरियन म्हणवू लागतं. सरकारनं माणसाच्या आयुष्यात कमीत कमी हात घालावा, कुणी कुणावर सक्ती करू नये, असं ते सांगतं. तिथवर घरच्यांची हरकत नसते. मग एक दिवस जेवताना ते म्हणतं, “मी कुणाचं काही देणं लागत नाही.” त्यानंतर आई समुपदेशनासाठी माझ्याकडे येते.

अशाच एका मुलाबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा एकवीस वर्षांचा. पदवीचं शेवटचं वर्ष अर्धवट सोडलेलं, वडिलांशी बोलणं बंद. आईनं त्याचं एक वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं: “बाबांनी फी भरली ती त्यांच्या मर्जीनं. मी मागितली नव्हती.” ते सांगताना तिचा आवाज कापत होता.

पहिल्या भेटीत तो पूर्ण तयारीनं आला होता. मी वाद घालेन, असं त्यानं गृहीत धरलेलं. मी म्हटलं, “तुझी ‘फाउंटनहेड’ची प्रत पुढच्या वेळी घेऊन ये. तू खुणा केलेली पानं मला बघायची आहेत.”

मुलांच्या तत्त्वज्ञानाशी मी भांडत नाही. बहुतेक वेळा ते भांडण्याजोगं नसतंच. आयन रँडचंच बघा. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मलेल्या या मुलीच्या वडिलांचं औषधांचं दुकान बोल्शेविकांनी जप्त केलं. १९२६ मध्ये ती अमेरिकेत पोचली आणि ‘मी’ म्हणण्याचा हक्क हाच तिच्या लेखनाचा गाभा झाला. त्या कादंबऱ्यांमागे खरी जखम आहे आणि वाचणाऱ्या पोराला ती कळते. हायेक किंवा नोझिक यांच्यासारखे विचारवंत वाचून माणसाचं मत बदलेल. पण तत्त्वासाठी ताठ उभा राहिलेला माणूस डोळ्यांसमोर दिसतो तो कादंबरीतच. जेरोम टुसिल यांनी १९७१ मध्ये लिबर्टेरियन चळवळीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा शीर्षकातच सांगून टाकलं की सुरुवात बहुधा आयन रँडपासून होते. खुद्द रँडना लिबर्टेरियन लोक अजिबात आवडत नसत, ही गोष्ट निराळी.

तो प्रत घेऊन आला. माझा अंदाज होता, खुणा नायकाच्या न्यायालयातल्या भाषणावर असतील. नाहीतर हा नायक, वास्तुकार हॉवर्ड रोर्क, कॉलेजमधून काढला जातो, त्या प्रसंगावर. अर्धवट शिक्षण सोडलेल्या मुलाला तो प्रसंग आपलाच वाटणार. पण तिथली पानं कोरी होती. कोपरा दुमडून दुमडून फाटायला आलेलं पान वेगळंच निघालं. मॅलरी नावाचा हताश शिल्पकार. त्याला कुणी काम देत नाही. रोर्क त्याच्या खोलीवर जातो आणि सांगतो की तू सर्वोत्तम आहेस, म्हणून मला तुझंच शिल्प हवंय. मॅलरी पलंगावर पालथा पडून हुंदके देतो.

“हे पान का?”

बराच वेळ तो बोलला नाही. मीही बोलले नाही. मग म्हणाला, “दोन वर्षं मी एक गेम बनवतोय. एकट्यानं. घरात कुणी एकदाही ‘दाखव’ म्हटलं नाही.”

थोड्या वेळानं स्वतःवरच चिडून म्हणाला, “हे वाचताना मी रडलो. रोर्क रडला नसता.”

“रोर्कसारखंच असायला पाहिजे, असं कुणी सांगितलं?”

तो माझ्याकडे बघत राहिला.

“आधी बाबांचं ‘पाहिजे’ होतं. ते तू झुगारलंस. आता या पुस्तकाचं ‘पाहिजे’ मानेवर घेतलंयस. ओझं तेवढंच आहे ना?”

त्या दिवशी उरलेला वेळ तो मान खाली घालून बसला. जाताना म्हणाला, “जास्तच आहे, मॅडम. बाबांना निदान फसवता तरी यायचं.”

इतक्या वर्षांच्या कामात ऐकलेल्या नेमक्या वाक्यांत मी हे वाक्य धरते. माझा पिंड मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर पोसलेला आहे. १९६७ मध्ये एलिस यांनी रँड यांचे तेव्हाचे निकटचे सहकारी नॅथॅनिएल ब्रँडन यांच्याशी जाहीर वाद घातला होता. माणसाची किंमत त्याच्या कर्तृत्वाला बांधू नका, असं एलिस यांचं म्हणणं. कर्तृत्व थोर असू शकतं. पण ते नसलेल्या दिवशी माणूस शून्य ठरतो का? या मुलाचा गेम अडला होता आणि म्हणून तो स्वतःला शून्य समजत होता. ‘देणं लागत नाही’ हे त्या शून्यावरचं चिलखत होतं.

पुढच्या भेटींत दोनच गोष्टी बोललो. पहिली: सक्ती नको, हा राजकीय विचार आहे. त्यातून ‘नातं नको’ असं आपोआप निघत नाही. मर्जीनं दिलेलं आणि मर्जीनं घेतलेलं यालाच तर हे तत्त्वज्ञान मान देतं. मग वडिलांनी मर्जीनं भरलेली फी तुच्छ कशी? दुसरी: ‘फाउंटनहेड’च्या पंचविसाव्या वर्षी, १९६८ मध्ये, रँडनी लिहिलेली प्रस्तावना. कादंबरी लिहीत असताना एका संध्याकाळी जगाबद्दलच्या संतापानं त्या इतक्या खचल्या, की पुढे पाऊल टाकण्याची ताकद उरली नाही. त्या रात्री पती फ्रँक तासन् तास त्यांच्याशी बोलत राहिले. फ्रँकनी हे पुस्तक वाचवलं, म्हणून ते त्यांना अर्पण. तो परिच्छेद मुलानं दोनदा वाचला. “म्हणजे तिलाही कुणीतरी लागलं,” एवढंच बोलला.

आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पुस्तक लपवू नका. ‘वय आहे, उतरेल’ असं म्हणू नका. मुलाला तो अपमान वाटतो आणि तो असतोही. चार पानं स्वतः वाचा. कुठलं पान आवडलं ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ‘आम्ही तुझ्यासाठी किती केलं’ हा हिशेब काढलात, तर तुम्हीच नात्याला कर्ज ठरवता आणि मग तो ते नाकारणारच. त्याचे विचार उद्या तसेच राहिले, तरी त्याचं काही बिघडलंय असं समजू नका. आज हा मुलगा लिबर्टेरियनच आहे. माझ्याशी करांवरून तावातावानं वाद घालतो आणि मला ते आवडतं.

वडिलांना मी एकदाच भेटले. त्यांना एकच शब्द सांगितला: “दाखव.” त्यांनी तो आठवडाभर मनात घोळवला आणि एका रात्री मुलाच्या खोलीच्या दारात उभं राहून म्हटला. मग जवळजवळ पाऊण तास ते तो अर्धवट गेम बघत राहिले. दोन प्रश्न विचारले. त्यातला एक अगदीच चुकीचा होता, असं मुलानं मला सांगितलं. पण तो विचारताना बाबांनी चष्मा काढून पुसला होता आणि खुर्ची पुढे ओढली होती.